स्कॉच वर, मोहाची खाली: ही उतरंड लावली कोणी?

मागच्या महिन्यात मानेवाड्याला मित्राच्या गच्चीवर बसलो होतो, चार-पाच जण, सावजीचं पार्सल आलेलं, तर्री सांडून वर्तमानपत्राचा कागद लाल झालेला आणि विषय निघाला की सगळ्यात भारी दारू कोणती. असा विषय निघाला की नागपुरात रात्रीचे दोन कसे वाजतात कळत नाही. एकाचे वडील कामठीला गार्ड्स सेंटरमध्ये होते, त्याचं आयुष्य कँटीनच्या रमवर गेलं, तो म्हणे रमच्या वर काहीच नाही. दुसरा चार वर्षं पुण्यात राहून आलाय, तो आता जिनमध्ये काकडी टाकतो. आणि आमचे साडभाऊ, त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "दारू म्हणजे व्हिस्की, आणि व्हिस्की म्हणजे स्कॉच, बाकी सारं खोकल्याचं औषध." मी म्हटलं माझ्या हिशोबात एक नंबर मोहाची. तर सगळे हसले. साधं नाही, पोट धरून हसले. "आंधळा होशील बे," एक जण म्हणाला.

मला त्या हसण्याबद्दलच लिहायचंय. कारण मी जिन म्हटलं असतं तर वाद झाला असता, टकीला म्हटलं असतं तर "ओ हो, साहेब" झालं असतं, पण मोहाची म्हटलं की वादच नाही, थेट हसू. म्हणजे तिला यादीत जागाच नाही. आपल्या डोक्यात दारूंची एक उतरंड लागलेली आहे, सगळ्यात वर स्कॉच, मग सिंगल माल्ट म्हणून जे काही येतं ते, मग इंग्लिश, मग रम, त्याखाली देशी आणि एकदम तळाला मातीत रुतलेली मोहाची आणि हातभट्टी. ही उतरंड चवीवरून लागलेली नाही, तब्येतीवरून तर नाहीच नाही, ती कोण पितो त्यावरून लागलेली आहे असं माझं म्हणणं आहे. आणि सरकारचा कायदा आणि टॅक्सही बराचसा तीच उतरंड पकडून चालतो, म्हणून हा नुसता गच्चीवरचा विषय राहत नाही.

पुढच्या शनिवारी मी एक उद्योग केला. स्टीलचे ग्लास घेतले, काचेचे नाही, म्हणजे रंग दिसू नये. खाली चिकटपट्टीवर मार्करने नंबर टाकले. एकात बाहेरून आलेली ब्लेंडेड स्कॉच, एकात आपल्याकडची सिंगल माल्ट (म्हणजे एकाच डिस्टिलरीतली, फक्त मोड आलेल्या बार्लीची व्हिस्की), एकात धूरवाली स्कॉच आणि एकात आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातली सगळ्यात स्वस्त इंग्लिश व्हिस्की, सगळ्यात सारखं पाणी. साडभाऊंनी धूरवालीचा एक घोट घेतला आणि "हे डेटॉल कोणी टाकलं" म्हणून ग्लास बाजूला सरकवला. स्वस्तवाली मात्र आवडली त्यांना, "ही बघा, गळ्याला लागतच नाही, हीच ती". पण इथे मी इमानदारीने हेही सांगतो की रमवाल्या मित्राने चारपैकी चारही बरोबर ओळखल्या, आणि जो आयुष्यभर रम प्यायला त्याने. म्हणजे चव नावाची गोष्ट आहे, सगळं एकच आहे असं मी म्हणत नाही. फक्त ज्याचा आवाज सगळ्यात मोठा असतो त्याची जीभ सगळ्यात चांगली असते असं नाही.

आता साडभाऊंना स्वस्तवाली गळ्याला का लागली नाही, तर त्याचं कारण आहे. आपल्याकडची स्वस्त व्हिस्की ही बहुतेक वेळा बाहेरच्या अर्थाने व्हिस्कीच नसते. साखर कारखान्यात ऊस गाळून साखर काढली की मागे काळी घट्ट मळी राहते, ती आंबवून, मोठ्या कॉलममधून उकळून ९६ टक्क्यांचं स्पिरिट काढतात, त्याला धंद्यात ईएनए, म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल म्हणतात. हल्ली धान्यापासूनही काढतात. इतकं शुद्ध केलेलं की त्याला ना वास ना चव, मळीचं आहे की मक्याचं ते कळणारही नाही. मग त्यात पाणी घालून ४२.८ टक्क्यांवर आणायचं, कॅरॅमलने रंग द्यायचा, थोडा फ्लेवर, जमलं तर थोडं माल्ट स्पिरिट, आणि लेबलवर हरीण नाहीतर घोडा नाहीतर एखादा इंग्रज साहेब. झाली व्हिस्की. युरोपात मळीच्या स्पिरिटला व्हिस्की म्हणून विकूच देत नाहीत. तिकडे स्कॉच म्हणायचं असेल तर धान्यापासूनच, स्कॉटलंडमध्येच काढलेली, ओकच्या पिंपात कमीत कमी ३ वर्षं तिथेच मुरलेली आणि कमीत कमी ४० टक्के असावी लागते. रम म्हणजे उसाची आणि व्हिस्की म्हणजे धान्याची, हा जगाचा साधा नियम. त्या नियमाने पाहिलं तर मळीपासून केलेली आपली व्हिस्की ही रमची चुलत बहीण निघते, जी लग्नात वेगळं आडनाव सांगते.

आणि देशी? नागपुरात जिला आपण भट्टीवरची म्हणतो, ती संत्रा-मोसंबीवाली? तीही तेच. तसंच स्पिरिट, तेवढीच ताकद, बाटलीवर २५ यूपी (अंडर प्रूफ) लिहितात म्हणजे तेच ४२.८ टक्के, फक्त कॅरॅमलऐवजी संत्र्याचा फ्लेवर. एका पव्व्यात, म्हणजे १८० मिलीत, ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, ग्रॅममध्ये धरलं तर साधारण ६१. भट्टीवर स्टूलवर बसून प्यायली काय आणि धरमपेठेत एसीत बसून प्यायली काय, लिव्हरला तर पत्ता कळत नाही ना. पण भट्टीतून निघणारा बेवडा आणि बारमधून निघणारा "जरा जास्त झाली".

किमतीकडे बघा. २०२५ च्या जूनमध्ये राज्य सरकारने उत्पादन शुल्क वाढवलं तेव्हा १८० मिलीचे कमीत कमी दर असे आले: देशी ८० रुपये, मग महाराष्ट्र मेड लिकर नावाचा एक नवीनच प्रकार काढला, धान्यापासूनची, राज्यातल्याच उत्पादकांची, ती १४८, इंग्लिश २०५ आणि प्रीमियम विदेशी ३६०. अल्कोहोल जवळपास सगळ्यात सारखंच. म्हणजे एका ग्रॅमला देशीत सव्वा-दीड रुपया, इंग्लिशमध्ये सव्वातीनच्या पुढे, प्रीमियममध्ये सहाच्या घरात. कोणी म्हणेल बरोबरच आहे, श्रीमंताकडून जास्त घ्या. मान्य. पण शुल्काची पद्धत बघा, देशीवर प्रूफ लिटरमागे, म्हणजे आतल्या अल्कोहोलच्या मापावर, ठरावीक रक्कम, १८० ची २०५ केली, आणि इंग्लिशवर तिच्या उत्पादन खर्चाच्या पटीत, २६० रुपयांपर्यंत खर्च दाखवलेल्या मालावर ३ पटींची साडेचार पट केली. म्हणजे इंग्लिशवरचा टॅक्स आत किती दारू आहे त्यावर नाही, ती बनवायला किती लागले असं कंपनी सांगते त्यावर. आता जर टॅक्स लोकांच्या तब्येतीसाठी आहे असं सांगायचं असेल, आणि सांगतात तर तसंच, तर तो सरळ अल्कोहोलच्या ग्रॅमवर लावा ना. सगळ्या बाटल्यांवर. बिअरवर पण. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या एका ६५० मिलीच्या बाटलीत ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीचे ३० मिलीचे चार पेग, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात "मी पीत नाही रे, फक्त बिअर" म्हणणारे लोक दुपारी तीन वाजता दोन बाटल्या संपवतात, पंचेचाळीस डिग्रीत, आणि मग डोकं कशाने दुखतंय ते ऊन लागलं म्हणून सांगतात.

बरं, उतरंड मोडायची म्हटलं तर दुसरी लावायची कशावरून? मी दोनच गोष्टी बघतो. एक म्हणजे बाटलीतली वस्तू स्वतः कोण आहे ते खरं सांगते का. दुसरं, जिच्यापासून ती केली तिची काही खूण तिच्यात उरली आहे का. दारू म्हणजे शेवटी एखाद्या गावच्या पिकाला आंबवून उकळणं, मग ते पीकच नाही लागलं जिभेला तर नुसतं ९६ टक्केवालं स्पिरिट प्या की.

या हिशोबाने वोडका मला वाटते त्यापेक्षा बरी जागा मिळवते, कारण ती मुळातच सांगते की माझ्यात काही नाही, मी नुसती साफ आहे. खोटं तरी नाही बोलत. जिन म्हणजे वोडकाच, पण ज्युनिपरच्या दाण्यांचा आणि मसाल्यांचा वास घेतलेली, चांगली केलेली असली तर उन्हाळ्यात संध्याकाळी तिच्यासारखं काही नाही हे मी कबूल करतो, काकडीवाल्या मित्राला मात्र हे सांगणार नाही. टकीला ही मेक्सिकोच्या निळ्या आगाव्हेची, ते झाड वाढायलाच वर्षानुवर्षं लागतात, आणि चांगली असेल तर त्या झाडाचा हिरवा वास येतो, पण आपल्याकडे ती मीठ-लिंबू चाटत एका झटक्यात ढकलायची वस्तू झाली आहे, म्हणजे चव लागूच नये अशी सोय करून प्यायची, मग एवढे पैसे कशाला. ब्रँडी दक्षिणेकडे धो-धो चालते, आपल्याकडे ती औषधाच्या कपाटात असते, लेकराला सर्दी झाली की चमचाभर. हे थांबवा बाप्पा. ब्रँडीने अंगात गरमी येत नाही, कातडीखालच्या नसा सैल होऊन रक्त वर येतं म्हणून गरम वाटतं, आतली उष्णता उलट बाहेर जाते, आणि लेकराला तर थेंबसुद्धा देऊ नये.

रम मात्र मला मनापासून आवडते आणि ती फक्त कामठीच्या मित्रामुळे नाही. आपण उसाचे लोक आहोत, उसाच्या मळीची दारू आपण चांगली करू शकतो आणि करतोही. ओल्ड मंक १९५४ पासून तशीच आहे, कितीतरी वर्षं तिची जाहिरात म्हणून कुठे दिसली नाही आणि तरी हिवाळ्यात लग्नाच्या वरातीच्या मागे गाडीच्या डिक्कीत तीच. तिच्यात लपवण्यासारखं काही नाही, मी उसाची आहे आणि गोड आहे, घे. स्वस्त व्हिस्कीच्या दोन पायऱ्या वर मी रमला बसवतो, आणि देशीलासुद्धा एक पायरी वर, हो, हसा. देशी निदान आपण देशी आहोत असं बाटलीवर छापते.

खरी सिंगल माल्ट ही वेगळी गोष्ट आहे आणि तिथे मी उगाच नाक मुरडणार नाही. बंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट आधी ग्लासगोत नेऊन विकली, स्कॉटलंडच्या दारात, आणि मग जगाने मान्य केली. आपल्या उष्णतेत पिंपातली दारू लवकर मुरते आणि लवकर उडते पण, तिकडे वर्षाला दोनेक टक्के उडून जाते, बंगळुरूला दहा-बारा टक्क्यांपर्यंत. नागपुरात पिंप ठेवलं तर मे महिन्यानंतर आत फक्त लाकूड उरेल. पण तिची किंमत, ती बाटली शोकेसमध्ये ठेवून पाहुण्यांना दाखवणं, तिच्यावर मोबाईलवर बोलणं, हे सगळं वजा केलं की उरते ती चांगली दारू. पहिल्या तीनात, पण पहिली नाही.

पहिली मोहाची. आणि आता "आंधळा होशील" याचं उत्तर.

डोळे जातात ते मिथेनॉलने. शरीरात गेल्यावर त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते डोळ्याच्या नसेवर बसतं. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं मेली ती याच मिथेनॉलने, आणि ते काही मोहफुलातून आलं नव्हतं, कारखान्यात वापरायचं औद्योगिक मिथेनॉल कुणीतरी दारू म्हणून विकलं होतं. विषारी दारूच्या मोठ्या घटना आपल्याकडे बहुतेक अशाच झाल्या आहेत. कुठल्याही फळाफुलाच्या दारूत मिथेनॉलचा अंश येतो, कोन्यॅकमध्येही येतो. शिवाय धार सुरू झाल्यावरचं पहिलं, उग्र वासाचं, बाजूला काढतात. हे गाळणाऱ्या बायांना चांगलं माहीत असतं. धोका कुठे आहे तर चोरीछुपे धंद्यात, जिथे पोलिसांच्या भीतीने माल घाईत काढायचा आणि तेजी यावी म्हणून काहीबाही टाकायचं. म्हणजे ज्याला बेकायदेशीर केलं ते बेकायदेशीर असल्यामुळे घाण झालं आणि मग घाण आहे म्हणून बेकायदेशीर ठेवायचं, असं हे गोल गोल चाललंय.

मी मोहाची पहिल्यांदा नीट प्यायलो ती नागपुरात नाहीच. पेंचच्या बाजूने जबलपूर रोडला खवासा बॉर्डर ओलांडली की मध्यप्रदेश लागतो, आणि तिकडे आदिवासींना घरच्यापुरती गाळायची सूट आहे. एका ओळखीच्या घरी लग्नानंतरचं जेवण होतं. मागच्या अंगणात चूल, चुलीवर आंबवलेल्या फुलांचं मडकं, त्यावर दुसरं मडकं आणि एकदम वर थंड पाण्याचं भांडं, सगळे सांधे ओल्या मातीने लिंपलेले. खरोखरची उतरंड. म्हातारी बाजूला बसून बोटाने पाणी किती तापलं ते बघत होती, तापलं की ओतून नवीन. वाफ वर जाऊन गार बुडाला लागायची आणि थेंब थेंब आतल्या भांड्यात. मी विचारलं आजी किती पाणी बदलायचं, तर म्हणे जितकं जास्त बदलाल तितकी पातळ होईल, पाहुण्यासाठी कमी बदललंय. ती ग्लासात पाण्यासारखी दिसत होती, आणि वास असा की, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे जंगलात गेलं तर जमिनीवर पडलेल्या मोहफुलांचा जो जड गोडसर वास येतो ना, मनुक्यासारखा, थोडासा धुरकट, तसाच, तोच. त्या झाडाखालची सकाळ त्यात होती. साडभाऊंच्या १२ वर्षं जुन्या स्कॉचमध्ये मला अजून स्कॉटलंड दिसलं नाही.

आणि हे आपण कधीपासून वाईट म्हणतो? इंग्रजांनी १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात म्होवरा ॲक्ट आणला, मोहफुलांवरच बंधन घातलं, कारण घरोघरी दारू गाळली तर सरकारला महसूल कसा मिळणार. कारण पैशाचं होतं, पण सांगताना नीतीचं झालं. इंग्रज गेले, फुलांवरची बंधनं राहिली. गोळा करणं आणि साठवणं यावरची बंधनं आपल्या राज्याने उठवली ती थेट २०२१ मध्ये. फूल मोकळं झालं, घरी दारू गाळणं नाही. म्हणजे संत्री विकायची, रस काढायचा नाही.

संत्र्यावरून आठवलं. नाशिकच्या द्राक्षाला २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण मिळालं, वाइनला शुल्कमाफी मिळाली, वायनरी झाल्या, टूरिझम झालं, वाइन म्हणजे दारू नाही असंही मोठमोठे लोक सांगून गेले. चांगलं आहे, शेतकऱ्याला पैसे मिळाले, माझी काही तक्रार नाही. पण आमच्याकडे? नागपुरी संत्र्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, कळमन्याच्या मार्केटात सीझनला बारक्या फळाला कोणी विचारत नाही, ढीग पडतो, सडतो, आणि त्याच शहरात भट्टीवर संत्र्याचं चित्र छापलेली बाटली विकते जिला संत्र्याची ओळख फक्त फ्लेवरपुरती. नाशिकच्या द्राक्षाची दारू झाली तर धोरण, विदर्भाच्या मोहाची झाली तर धाड. गोव्याने फेणीला २००९ मध्ये जीआय घेतला आणि नंतर ती हेरिटेज ड्रिंक म्हणून मिरवली, आता टूरिस्ट तिकडून काजूची बाटली गिफ्ट म्हणून आणतात. मध्यप्रदेशाने मोहाच्या दारूला हेरिटेज लिकर केलं, आदिवासी बचतगटांना काम दिलं. आणि २०२५ च्या जुलैत ब्रिटनशी करार झाला, त्यात स्कॉचवरची १५० टक्के कस्टम ड्युटी आधी ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलं. म्हणजे स्कॉटलंडच्या शेतकऱ्याचं बार्ली आम्ही जास्त पिणार, आणि आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या देवलापारच्या बाईचं मोहफूल पोत्यात.

आता दुसरी बाजू, आणि ही मला सोपी नाही वाटत. मी हे सगळं गच्चीवर बसून लिहितोय, ज्या बाईचा नवरा दिवसाची मजुरी भट्टीवर टाकून घरी येतो तिला माझ्या चवीच्या गप्पांचं काय. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती वरून लादलेली नव्हती, गावागावातल्या बायांनी आणि लोकांनी मागून घेतली, बंग दाम्पत्य त्यात होतं. वर्धा सेवाग्राममुळे आधीच कोरडा. चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली, बायांच्या मोर्च्यांनंतर, आणि २०२१ मध्ये उठली. आमच्या भागातल्याच किती मोहल्ल्यांमध्ये आडवी बाटली झाली आहे, बायांनी मतदान करून दुकान बंद केलं. मी त्या मतदानाच्या बाजूने आहे, अजूनही. मी एवढंच विचारतो की त्या बायांचा राग कशावर होता? बहुतेक ठिकाणी तो स्वस्त, रोज मिळणाऱ्या, कारखान्याच्या पव्व्यावर होता, जो सकाळी सात वाजता पण मिळतो. सणाला, लग्नाला, कुणी मेलं तर, देवाला वाहून, अशी जी मोहाची गाळली जाते ती आणि रोजची मजुरी खाणारी भट्टी या दोन गोष्टी एकाच खात्यात टाकून चालत नाही. आणि हो, मोहाची विकायला सुरुवात झाली की तीपण रोजची होईल ही भीती खरी आहे, मी ती खोटी म्हणत नाही. म्हणूनच मी म्हणतो परवाना कंपनीला नको, बचतगटाला द्या, ग्रामसभेने नाही म्हटलं तर नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला दारूवर बंदी घालायचा किंवा नियंत्रण ठेवायचा अधिकार आहेच. बंद करायचा अधिकार जिच्याकडे आहे तिच्याकडेच चालू करायचा का नसावा? आणि गडचिरोली-वर्ध्याला हात लावू नका, तिथल्या लोकांनी ठरवलंय ते ठरवलंय.

दारू तब्येतीला चांगली असं मात्र मी कुठल्याच बाटलीबद्दल म्हणणार नाही, मोहाबद्दलही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने १९८८ मध्येच दारूला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं आहे, तंबाखूच्या शेजारी, आणि त्यात स्कॉच वगळून असं लिहिलेलं नाही. रंगीत दारूने हँगओव्हर जास्त होतो हे खरं आहे, बर्बनमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मक्याच्या व्हिस्कीत, वोडकाच्या ३७ पट इतर घटक असतात आणि अमेरिकेतल्या एका अभ्यासात बर्बन प्यायलेल्यांचं डोकं जास्त दुखलं, पण कामात चुका दोघांच्याही सारख्याच झाल्या. "महागाची घ्या म्हणजे त्रास नाही" हे म्हणणाऱ्या सगळ्यांना हे सांगा. गंमत म्हणजे आपल्या कायद्यात दारू प्यायचा परवानाच मुळात तब्येतीच्या नावावर आहे, १९४९ च्या दारूबंदी कायद्याने प्रत्येक पिणाऱ्याकडे परमिट लागतं, आणि ते आरोग्य टिकवण्यासाठी म्हणून मिळतं. एका दिवसाचं पाच रुपयांचं, देशीचं दोन रुपयांचं. तिथेही देशी खाली.

लेबल मात्र सुधारता येईल, त्याला कायदा बदलायला पाच वर्षं लागणार नाहीत. पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरात, मराठीत लिहा: ही मळीच्या स्पिरिटपासून केली आहे, हिला मुरवलेलं नाही, रंग वरून टाकला आहे, आत एवढे ग्रॅम अल्कोहोल आहे. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती ते लिहितात ना. मग लोक कोणती वर ठेवायची ते ठरवतील. साडभाऊंना मी ग्लासांचे नंबर सांगितले तेव्हा ते जरा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तरी पण ती गळ्याला लागत नव्हती हे खरं आहे ना?" खरं आहे. मी त्यांच्याशी वाद नाही घातला, त्यांना जे आवडलं ते आवडलं, फक्त आता ते बाटलीच्या मागचं बारीक वाचतात, चष्मा लावून, दुकानाच्या काउंटरवर उभे राहून, मागे लाइन लागलेली.

या एप्रिलमध्ये देवलापारच्या पुढे एका गावात चहाला थांबलो होतो. घरासमोर चटईवर मोहफुलं वाळत घातली होती, अर्धी अजून पिवळट, अर्धी तांबूस झालेली, आणि एक बाई पायाने ती उलटीपालटी करत होती. म्हटलं काकू, याचं काय करता. म्हणाली व्यापारी येतो, किलोने घेऊन जातो. कुठे नेतो ते?

"मध्यप्रदेशात," ती म्हणाली. "तिकडं चालते ना."